साहेबांची वाळू

धाकट्या मुलाचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत सुनेला दिवस गेले, त्या वर्षी म्हातारा जखमी समुद्रप्राण्यांच्या हौदावर पंप चालवायचा. सगळे त्याला पंपकाका म्हणत. हौदाचं पाणी समुद्रातून पाइपाने यायचं आणि मोठ्या गाळणीतल्या वाळूतून आत पडायचं. ती वाळू अधूनमधून बदलावी लागे. चांगली वाळू फेकणं पंपकाकांच्या जिवावर येई. ते ती वाळवून घरी नेत, सुनेबरोबर माहेराहून आलेल्या मांजराच्या खोक्यात घालायला. मांजराला घरात साहेब म्हणत, कारण काम काडीचं नाही आणि जेवणाला मिनिटाचा उशीर खपत नसे.

घाण झालेली वाळू कचऱ्यात टाकली की शेजारीण नाक मुरडायची. म्हणून पंपकाका ती बादलीत भरून कामावर आणत आणि पंपघरामागच्या पावसाच्या नाल्यात ओतत. नाला समुद्रात, समुद्र एवढा मोठा, त्याला काय होतंय.

एप्रिलमध्ये जाळ्यात कापलेली एक डॉल्फिन हौदात आली. पोटुशी होती, म्हणून तिचं नाव माहेरवाशीण पडलं. जूनच्या आठ तारखेला तिने मेलेलं पिल्लू टाकलं. मग तिचं खाणं सुटलं. एकाच अंगावर कलून ती गोल गोल फिरत राहिली.

आठवड्याने हौदावरच्या डॉक्टरबाई कागद घेऊन पंपघरात आल्या.

"काका, इथे कुणाकडे मांजर आहे का?"

"का हो, उंदीर झालेत?"

"पिल्लाच्या मेंदूत जंतू निघालेत. मांजराच्या विष्ठेतून येतात, पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात जातात. यंदा मेमध्ये वळीवही मोठा झाला. आईलाही तेच दिसतंय."

"मांजराचा आजार माशाला?"

"डॉल्फिन मासा नाही, किती वर्षं सांगतेय तुम्हाला. अंगावर पाजते ती. पोटुशी असताना लागण झाली की पोटातल्या पिल्लाला जाते. बायकांचंही तसंच, बाळाच्या डोळ्यांवर, कानांवर जातं."

त्या गेल्यावर पंपकाकांनी मागची खिडकी उघडली. नाल्याचं तोंड आणि पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड यांत वीस पावलांचं अंतर होतं. तो पाइप दरवर्षी तेच रंगवत. दोन्ही तोंडं त्यांनी आजवर कधी एकत्र पाहिली नव्हती.

मग त्यांना आठवलं. गेल्या महिन्यात कंबर धरली होती, नऊ दिवस ते अंथरुणात होते. "बाबा, पडून राहा, साहेबांचं मी बघते," सून म्हणाली होती. तेव्हा तिला तिसरा महिना होता.

बोलावं तर नोकरी जाणार. दुपारी डबा उघडला, तसाच मिटला आणि डॉक्टरबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मांजर माझ्याकडेच आहे," म्हणाले, आणि बादलीसकट सगळं सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "आधी सुनेचं रक्त तपासून घ्या. बाकीचं नंतर बघू."

घरी सून खोक्यापाशीच वाकली होती.

"हात लावू नकोस त्याला."

"अगंबाई, साहेबांनी राजीनामा दिला की काय?" ती हसली. सासऱ्याचा चेहरा बघून थांबली. त्यांनी सांगितल्यावर मोरीत गेली आणि साबणाने हात धुतले, मग पुन्हा धुतले. पाण्याचा आवाज थांबेना.

दुसऱ्या सकाळी सुनेचं रक्त दिलं, अहवाल यायला चार दिवस होते. पंपकाका जेवताना मान वर करत नसत, सुनेच्या पोटाकडे नजर जाईल म्हणून. रोज कामावर पोचले की आधी हौदाशी जात. माहेरवाशीण तशीच फिरत असायची.

पाचव्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. "लागण झालीय, पण जुनी आहे. लहानपणची. शरीराला ओळख आहे, बाळाला धोका नाही."

"आमच्याकडे माहेरी सात मांजरं होती," सून म्हणाली आणि रडायला लागली.

पंपकाका बाहेरच्या बाकावर बसून राहिले. माहेरवाशिणीला अशी ओळख कुठून असणार होती?

नात डिसेंबरात झाली, डोळे आणि कान चांगले. पंपकाकांना त्याआधीच घरी बसवलं होतं. माहेरवाशीण त्याच वर्षी जूनच्या चोवीस तारखेला दुपारी मेली. तिचं पिल्लू तिच्या सोळा दिवस आधी.