दस्त्यातली चेरीची पट्टी

कडं बसलं, पण आवाज झाला नाही.

आर्डिथ कुबीनानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वडिलांची रायफल पुन्हा खोलली. चापाभोवतीचं कडं ओढलं की ही जुनी लष्करी एम-वन तीन भागांत सुटते: लाकडी दस्ता, नळीसकट वरचं लोखंड आणि चापाचा सांगाडा. जोडताना कडं दाबत आणायचं, आणि शेवटच्या बोटभर अंतरात त्यानं हट्ट धरला पाहिजे, तळहाताचा सगळा जोर मागितला पाहिजे. मग एक कोरडा, ठाम खटका. एमिल कुबीना तो खटका लहानग्या आर्डिथला ऐकवत आणि म्हणत, "ऐकलंस? लोखंडाला त्याचं लाकूड सापडलं."

आज कडं चष्म्याच्या डबीसारखं अलगद मिटलं.

एमिल जाऊन दोन वर्षं झाली होती. गावातल्या नेमबाजी क्लबात दर वसंतात त्यांच्या नावाची स्पर्धा होई, आणि पहिली गोळी कुबीनांपैकी कुणीतरी याच रायफलीतून झाडी. ती स्पर्धा येत्या रविवारी होती. काल सरावात आर्डिथच्या गोळ्या कागदभर विखुरल्या होत्या. आधी तिला स्वतःच्या डोळ्यांचा संशय आला. आता येत नव्हता. हिवाळ्यात रायफल धाकट्या भावाकडे गेली होती. साफ करून आणतो, म्हणाला होता.

तिनं फोन केला. शेजारच्याच गल्लीत राहणारा लायल कोट अर्धवट चढवून हसतच आला.

"कळलं ना तुला! म्हटलं नव्हतं, आर्डीच्या नजरेतून सुटायचं नाही?"

"काय केलंस तू?"

"काय केलं नाही ते विचार. अगं, नुसती खिचडी होती ती! बोल्ट एका कारखान्याचा, सांगाडा दुसऱ्याचा. युद्धानंतर सरकारी दुरुस्तीखान्यात ढिगातून हाताला येईल तो तुकडा जोडायचे ना, तसली. आता बघ. एकूणएक भाग त्रेचाळीसच्या मार्चचा. कारखान्यातल्या तपासनिसांचे ठसे बघ, आकडे बघ. संग्राहक याला 'बरोबर' रायफल म्हणतात. डॅडच्या नावाला शोभेल अशी केलीय."

त्याच्या चेहऱ्यावर शाळेतून चित्र काढून आणलेल्या मुलाचा आनंद होता, आणि नेमक्या त्या आनंदानंच आर्डिथच्या कानशिलांत रक्त उसळलं.

"डॅडचा दस्ता कुठाय?"

"नॉर्बर्टकडे. त्याच्याकडून हा घेतला, बदल्यात तो दिला. तसाही बादच होता. आत कुणीतरी ठिगळं मारली होती, दोन्ही बाजूंना. भलत्याच लाकडाची."

"कुणीतरी?"

"मग? मी नॉर्बर्टला म्हटलं, खरवडून काढ तो कचरा."

या गावातली पोलादाची भट्टी विझली तेव्हा तिच्या विटा कितीतरी दिवस हात लावू देत नव्हत्या. आर्डिथचा राग त्या जातीचा होता. ती ओरडली नाही.

"कोट घाल नीट," ती म्हणाली. "आणि ही घे मांडीवर."

गाडीत तिनं त्याला सांगितलं. आई गेली त्या वर्षी लायल आरमारात होता. तेव्हा दस्त्याचं लाकूड झिजलं होतं, कडं ढिलं पडलं होतं. एमिलनी आईची चेरीच्या लाकडाची खुर्ची उलटी केली, मागचा आडवा दांडा कापला आणि त्यातून कागदासारख्या दोन पट्ट्या काढल्या. लोखंड जिथं लाकडावर टेकतं तिथं, एक डावीकडे, एक उजवीकडे. आर्डिथ पॉलिशपेपर धरून शेजारी बसली होती.

"मला कुणी सांगितलंच नाही," लायल पुटपुटला.

"विचारलंस तू?"

जुन्या बंदुकांचे सुटे भाग विकणाऱ्या नॉर्बर्ट हॉसच्या गॅरेजात तेलाचा आणि शिळ्या कॉफीचा वास होता. कॉफीच्या डब्यांतून बोल्ट, स्प्रिंगा, खिळी. पिंपात उभे दस्ते. नॉर्बर्टनं चष्मा कपाळावर सरकवला.

"या या, कुबीना मंडळी! काय, अजून काही बरोबर करायचंय?"

आर्डिथचं लक्ष बाकावर होतं. तिथं एमिलचा दस्ता शिकंज्यात उताणा पडला होता. शेजारी पटाशी. उजव्या कडेचं लाकूड ताजं, पांढुरकं, उघडं. खाली जमिनीवर लालसर भुसा.

"हे विकताना काय सांगणार होतास, नॉर्बर्ट? मूळचा, हात न लागलेला?"

"हात न लागलेलाच की, माझा हात सोडला तर," तो हसला. कुणीच हसलं नाही. "बाई, शुद्ध करत होतो मी त्याला. तुमच्याच भावानं सांगितलं."

"तुझा दस्ता तुला परत. सोडव तो."

"आर्डी, वेडी झालीस?" लायलनं तिचा दंड धरला. "असा दस्ता पुन्हा मिळायचा नाही. ठसा बघ त्याच्यावरचा!"

"ठसा कुणाचा, लायल? ज्या माणसानं तो मारला त्याचं नाव सांग. चेहरा सांग." तिनं दंड सोडवला. "नाही ना सांगता येत? मग गप्प राहा."

नॉर्बर्टनं खांदे उडवले आणि शिकंजा सैल केला. तोट्यात तो नव्हताच. आर्डिथनं तिथंच रायफल खोलली, वरचं लोखंड वडिलांच्या दस्त्यात बसवलं, सांगाडा आत सरकवला आणि कडं दाबलं. शेवटच्या बोटभर अंतरात डावीकडून लाकूड भिडलं. उजवीकडे काहीच नव्हतं. कडं तिरकं, कुरकुरत मिटलं. अर्धाच खटका झाला, वाक्याच्या मधेच उठून गेलेल्या माणसासारखा.

लायलनं तो ऐकला. आयुष्यात पहिल्यांदा, बहुतेक. त्याची मान खाली गेली. आर्डिथला त्याची दया आली नाही. यावी असं तिला वाटलंही नाही.

घरी येताच तिनं आईची खुर्ची त्याच्यापुढे उलटी केली. मागच्या आडव्या दांड्याचा अर्धा तुकडा अजून जागेवर होता, कापलेलं टोक वर्षानुवर्षांच्या धुळीनं काळं पडलेलं. तिनं करवत, चाकू आणि पॉलिशपेपर त्याच्या पायाशी टाकले.

"उजवी बाजू तू करायचीस."

"मला नाही येत गं हे. ठसे ओळखता येतात मला, सुतारकाम नाही."

"डॅडनाही येत नव्हतं. केवढं लाकूड वाया गेलं त्यांचं."

"नॉर्बर्टला सांगू या? तो अगदी..."

"त्याचं नाव काढलंस तर याच खुर्चीनं हाणीन तुला."

"आणि रविवारपर्यंत नाही जमलं तर?"

"रविवारी पहिली गोळी तू झाडायची. सगळ्या क्लबासमोर. कागदावर काय उमटतं ते बघू दे लोकांना."

लायलनं कोट काढून ठेवला. मग गुडघे टेकून बसला, एका हातानं दांडा चाचपला आणि करवत लावली. पहिल्याच ओढीला खुर्ची डुगडुगली, दाते घसरले. त्यानं मान वर करून बहिणीकडे पाहिलं.

आर्डिथ दाराला टेकून उभी होती. तिनं खुर्ची धरली नाही.