कमानीच्या केळी

शारदा बांधावर पोहोचली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. केळीच्या तुकड्यात पिवळ्या पडलेल्या, माना टाकलेल्या केळी तेवढ्या उभ्या होत्या. हिरव्यागार, धडधाकट केळी सगळ्या गायब! बुंध्यापासून कापून नेलेल्या.

साल चव्वेचाळीस. काकांच्या गावी, बहादरपुरात, मर रोगानं बागा बसत चालल्या होत्या. शारदा वनस्पतिशास्त्रात डॉक्टर झाली, आणि नागपूरच्या एका कॉलेजात तिनं संशोधनाची फेलोशिप मिळवली. मिळवली म्हणजे भांडून! 'बाईमाणूस, उद्या लग्न करून जाईल,' म्हणणाऱ्या तिथल्या प्रोफेसरांच्या नाकावर टिच्चून. रोगट मातीतही तगणारी केळ शोधायची, हे तिचं काम. त्यासाठी काकांच्या शेतातला सगळ्यात रोगट तुकडा तिनं मागून घेतला, गावोगावचे कंद आणून लावले. बहुतेक मेले, थोडे तगले. आज तेच प्रोफेसर बघायला येणार होते. त्यांचं समाधान झालं तरच फेलोशिपचं दुसरं वर्ष मिळणार होतं.

"काका!" ती ओरडतच घराकडे धावली.

दारात कमान सजली होती. दोन्ही बाजूंना तिच्याच केळी, वर आंब्याच्या पानांचं तोरण. सुपडूकाका शेवटची गाठ मारत होते.

"बघ पोरी, कशी झोकात झाली! एवढा मोठा साहेब येतो, अन् आपल्या दारात केळीचे खांब नको? निवडून निवडून चांगल्या आणल्या. रोगटांना हात नाही लावला बरं. त्या तुझ्या कामाच्या."

"जळलं माझं नशीब! अहो, जगलेल्याच माझ्या कामाच्या होत्या! सांगून सांगून जीभ झिजली माझी!"

काकांचा हात गाठीवरच थांबला. "रोगाचं शिकतेस म्हणून मला वाटलं..."

"बस कर माय, टांगा आला," कोकिळाकाकी आतून म्हणाली.

प्रोफेसर कमानीखालून आत आले, गळ्यात हार पडला, ताटात माव्याची जिलबी आली. एक संपली, दुसरी संपली.

"सर, शेतावर जाऊ या का?" शारदानं विचारलं. "तिथे काय झालंय ते आधी..."

"या उन्हात? कशाला?" साहेबांनी तिसरी उचलली. "वा, काय पाहुणचार! घर इतकं चांगलं, तर कामही चांगलंच असणार. दुसरं वर्ष दिलं समजा."

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकीनं शारदाला हळूच कोपर मारलं, घे म्हणून.

शारदाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. काकांनी वाटोळं केलं खरं, पण तिच्या कौतुकापायी, घाम गाळून केलं. आणि हा माणूस? वर्षभर तिच्या शब्दाशब्दात खोट काढली, आणि आज डोळे उघडून बघायचीही तसदी नाही! मेलेल्या केळी काय नि जगलेल्या काय, याला सगळं सारखंच. गप्प बसली असती तर फेलोशिप पदरात पडलीच होती. तिनं कोपऱ्यातला कोयता उचलला.

"आधी बघा सर, मग द्या. नाहीतर नका देऊ."

"बाई, तुम्हाला फेलोशिप हवी की भांडण?"

"फेलोशिप हवी. पण जिलबीवर नको!"

काकीनं कपाळावर हात मारला. साहेब लालेलाल झाले. काका उठले, तेव्हा शारदाला वाटलं, आता हे आपल्यालाच झापणार. पण त्यांनी ओट्याखालचे साहेबांचे बूट उचलले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

"चला साहेब. चांगली झाडं मीच कापली, चूक माझी. पण खुंट जागेवर आहेत. छत्री मी धरतो."

यजमानानंच बूट पुढे केल्यावर माणूस बसणार कसा? साहेब धुसफुसत निघाले.

शेतात शारदानं आधी एक पिवळी केळ आडवी कापली. आत रोगाची तपकिरी वर्तुळं, सडका वास. मग शेजारच्याच खुंटाची वरची चकती उडवली. आत पांढरंशुभ्र, पाणी ठिबकणारं. दोन्हींची माती एकच.

साहेब वाकले. गळ्यातला हार मातीला लागला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"दुसरा खुंटही कापा," ते म्हणाले. मग मान वर करून पुढे म्हणाले, "डॉक्टर."

काका छत्री धरून त्या पांढऱ्या खुंटाकडे बघत होते. "म्हणजे पोरी, ही जगली असती?"

"जगलीच होती, काका," शारदा म्हणाली, आणि तिनं पुढच्या खुंटावर कोयता घातला.