तळमजल्यावरचं कोर्ट

बसा जरा टेकून, एक गोष्ट सांगतो. ऐकून झाल्यावर जिना चढताना मागं वळून बघाल, मग मला बोल लावू नका.

एक न्यायाधीश होते. वकील त्यांना पाठीमागं गोगलगाय म्हणायचे. कारण काय, तर शिपायानं तीनदा नाव पुकारलं आणि माणूस आला नाही, की दावा काढून टाकायचा, असा तिथला रिवाज. हे मात्र तिसऱ्या पुकाऱ्यानंतर दाराकडं डोळे लावून बसायचे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका म्हाताऱ्याचा दावा असाच झटक्यात काढून टाकला होता. कोर्ट वरच्या मजल्यावर, म्हातारा तेव्हा जिन्यातच होता. धापा टाकत "आलो, आलो" म्हणाला आणि पायरीवर बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून तिसरा पुकारा झाला, की साहेबांना जिन्यात पावलं ऐकू यायची. ती थांबेपर्यंत त्यांचा हात पेनाकडं जायचा नाही.

आता वरच्या कोर्टात एक जागा निघाली. साहेबांचं काम तपासायला निवड समितीच्या बाई आल्या, स्वतः जुन्या न्यायाधीश. सकाळी बायको म्हणाली, "अहो, आजचा दिवस कान बंद ठेवा. जन्मभर इथंच कुजायचंय का?"

साहेबांनीही मनाशी ठरवलं. तिसरा पुकारा झाला. पावलं वाजली. साहेबांनी दात आवळून पेन उचललं, तोच मागच्या बाकावरून बाई म्हणाल्या, "थांबा हो, कुणीतरी चढतंय."

शिपाई बघून आला. "कुणी नाही, बाई. जिना रिकामा."

वकील गालात हसले. साहेबांच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला.

मधल्या सुट्टीत बाई हळूच म्हणाल्या, "तुमचा एकच दिसतोय. माझ्या जिन्यात तिघं होते." मग म्हणाल्या, "वरच्या कोर्टाला लिफ्ट आहे. तिथं पावलं ऐकू येत नाहीत. नाव सुचवू?"

साहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोला. पण म्हणाले, "लिफ्टनं मी वर जाईन, बाई. तो जिन्यातच राहील. माझं कोर्ट तेवढं तळमजल्यावर आणा."

आणलं. आता माणसं वेळेत पोचतात. पण तिसरा पुकारा झाला, की ती पावलं अजून वरच चढतात, कुलूप लावलेल्या जुन्या खोलीकडं. साहेब जिन्यापर्यंत जातात, पण हाक न मारताच परत फिरतात. कुठल्या तोंडानं मारणार?

तुमचं तसं नाही. कधी तिथं गेलात, तर जिन्यात उभं राहून एवढी एक हाक द्या: "बाबा, खाली या. कोर्ट खाली आलंय. साहेब थांबलेत."