साडेचार फूट पाणी

"आता बोलतील ते गृहस्थ, ज्यांना आपल्या काकांनी लहानपणी बुडताना वाचवलं," तरणतलावाच्या मॅनेजरने माइकवर जाहीर केलं. काकांच्या शोकसभेला जमलेली साठ-सत्तर डोकी माझ्याकडे वळली. मी खिशातली चिठ्ठी चाचपली. तिच्यावर एवढंच लिहिलं होतं, की बुडत होता तो आणि वाचवलं मी.

तेव्हा आम्ही नऊ वर्षांचे होतो. गिरणीमागच्या हौदात तो पाय घसरून पडला आणि मी त्याला केसांना धरून बाहेर ओढलं. काठावर बसून तो नुसताच तोंड उघडत-मिटत होता, म्हणून मी त्याचं नाव मासा ठेवलं. लोकांना वाटायचं, मासा म्हणजे पट्टीचा पोहणारा असणार. घरी मार पडेल या भीतीने त्याने उलटंच सांगितलं, पडणारा मी आणि काढणारा तो. माझ्या आईने त्याला पोटभर खाऊ घातलं आणि मला बदडलं.

पुढे त्याच्या गोष्टीत हौदाची विहीर झाली. विहिरीत साप आला. मासा या तरणतलावाच्या ऑफिसात कारकून म्हणून चिकटला. तीस वर्षं लोकांचे पास बनवले, गळ्यात शिट्टी अडकवून हिंडला, पण पायाचा अंगठासुद्धा कधी पाण्यात बुडवला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "त्या दिवशी एवढं पोहलो की हौस फिटली."

मी पंप दुरुस्तीच्या धंद्यात पडलो. त्यामुळे गोष्ट पाण्याच्या खोलीपाशी आली की तो माझ्याकडे वळायचा. "किती होतं रे पाणी? सांग, तू पंपवाला." आणि मी मुकाट साक्ष द्यायचो. आधी दहा फूट, मग पंधरा, गेल्या वर्षी वीस. वास्तविक त्या हौदाचा पंप पुढे मीच दुरुस्त केला होता आणि टेप सोडून मोजलंही होतं. काठोकाठ भरला तरी साडेचार फूट.

माझी नातवंडं मला 'बुडालेले आजोबा' म्हणतात. एकदा तरी चारचौघांत खरं सांगायचं, हे मी कधीच ठरवलं होतं, पण तो समोर असताना जीभ रेटत नव्हती.

मी उठलो, तर पहिल्या रांगेतून त्याच्या बायकोने माझी बाही धरली.

"भाऊजी, आज सांगून टाका."

"काय?"

"बुडत कोण होतं ते. लग्नानंतर आठवड्याभरातच मला सांगितलं होतं त्यांनी."

"आणि वहिनी, तुम्ही इतकी वर्षं ऐकून घेतलंत?"

"तुम्हीही घेतलंतच की." त्यांनी बाही सोडली नाही. "दवाखान्यात म्हणाले, मी गेल्यावर त्याला खरं बोलू दे. बिचारा फार ताटकळलाय."

मला त्याचा रागच आला. हे तोंडावर सांगायला काय झालं होतं?

माइकपाशी गेलो, चिठ्ठी उलगडली आणि वाचायला म्हणून चष्मा लावला. चष्मा लावला तर समोरच्या भिंतीवरचा त्याचा फोटो स्पष्ट दिसला. गळ्यात शिट्टी होतीच.

"मी विहिरीत पडलो," मी म्हणालो.

मग थांबता येईना. गटांगळ्या सांगितल्या, साप सांगितला. तलावावरचा लाइफगार्ड डोळे पुसू लागला, तेव्हा आणखी एक साप घातला. बोलता बोलता गोष्ट खोलीपाशी आली आणि मी अडलो. इथे मी कधीच आपणहून बोललो नव्हतो. इथे तो विचारायचा. सवयीने उजवीकडे बघितलं, तर तिथे मॅनेजर उभा होता. त्या क्षणी मला तो फार हवा होता, खोटारडा असला तरी. माइक नुसताच खरखरत राहिला.

"किती होतं हो पाणी?" पहिल्या रांगेतून आवाज आला. "सांगा, तुम्ही पंपवाले."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"पंचवीस फूट," मी म्हणालो.

"गेल्या वर्षी वीस म्हणाला होतात."

"वाढलंय, वहिनी."

त्यांनी मान हलवली आणि चष्मा काढून पुसायला घेतला. मी चिठ्ठीची घडी घालून ती परत खिशात ठेवली.