मानी मुळी आणि मामाचं गोल तोंड

आंब्याखाली मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, कडेवरची पोरं, एक शेळीसुद्धा! शेळीचं काय दुखत होतं कोण जाणे. आणि मधोमध टेबलावर उभा राहून मुळीवाला विदाल गर्जत होता, "झुनिल्दाबाई, दाखवा जगाला!"

झुनिल्दाबाईंनी एका हातात सुई धरली, दुसऱ्यात दोरा. कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक न्यांदुती लेस विणण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण आमवाताने बोटं अशी वाकवली होती की वर्ष उलटून गेलं तरी सुईला हात लागला नव्हता. आणि आता, विदालची मुळी पोटात गेल्यावर? दोरा सुईत गेला! एका झटक्यात!

"चमत्कार!" गर्दी ओरडली. शेळीही ओरडली. पण सगळ्यांत मोठ्याने ओरडली झुनिल्दाबाईंची मुलगी पेर्ला. का नाही ओरडणार? त्याच सकाळी आईने तिची वेणी घातली होती. एरवी आईच्या झग्याची बटणंसुद्धा पेर्लाच लावायची, आणि आई त्या वेळी भिंतीकडे बघत बसायची.

"ही मुळी मला संत ब्लासने स्वप्नात दाखवली," विदाल सांगत होता. "चाकोच्या रानात, जिथे वाघसुद्धा पाय पुसून शिरतो, तिथे ती उगवते! पण बायांनो, मुळी मोठी मानी. तिला सवत चालत नाही. दवाखान्याची गोळी पोटात गेली, की ही रुसलीच म्हणून समजा!"

झालं! आईने दवाखान्याच्या गोळ्या खिडकीतून कोंबड्यांच्या अंगणात भिरकावल्या.

दोर्लिसा सिस्टर दुसऱ्याच दिवशी घरी आल्या. आमवाताच्या रोग्यांकडे त्याच बघायच्या: आठवड्याची गोळी द्यायच्या, रक्त तपासायच्या, मनगटाला पट्टी बांधायच्या. आईच्या चमच्याला स्पंजची जाड मूठही त्यांनीच गुंडाळून दिली होती.

"झुनिल्दा, दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला असं नाही गं," त्या काकुळतीला आल्या. "तुझ्या शरीराची फौज तुझ्याच सांध्यांवर उलटलीय. ती गोळी त्या फौजेला आवरते. बंद करू नकोस."

"तुमच्या गोळीने माझी बोटं हलली होती का?"

"हळूहळू..."

"हळूहळू मी म्हातारी झाले, सिस्टर! आता घ्या, तेरेरे घ्या. गार आहे."

सिस्टरांनी पेला घेतला नाही. आईचं तोंड उतरलं. पेला नाकारणं म्हणजे माणूसच नाकारणं!

आणि सगळा घोळ नेमका या पेल्यात होता. औषधी पाला एकट्याने गिळायची रीतच नाही त्या मुलखात. तो उखळात कुटायचा, बर्फाच्या पाण्यात टाकायचा, मग शिंगाच्या एकाच पेल्यातून, एकाच नळीने, सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचा, हेच ते तेरेरे. विदालने "चिमूटभर, फक्त रोग्याला" म्हणून बजावलं होतं. पण झुनिल्दाबाई म्हणजे दिलदार बाई! देवाचं देणं एकटीने कसं प्यायचं? मुळीची पूड गेली थेट घरच्या पाण्याच्या जगमध्ये. दुपारी पेर्ला शाळेत असायची, तेव्हा आईसोबत जग संपवायचा तो शेजारी गॅरेज चालवणारा एलादियोमामा, तब्येतीने बैल.

काही महिन्यांत मामाचं तोंड फुगून चंद्रासारखं गोल झालं.

"मामा, तुझं कलिंगड झालंय!" पेर्ला खिदळली.

"तेज म्हणतात याला, तेज! तुझ्या आईच्या तोंडावर नाही आलं?"

आलं होतं खरं. तेच गुबगुबीत गाल, तीच लाली. पण मामाला तहान आवरेना. पायावर पाना पडून जखम झाली होती, तीही भरेना. शेवटी पेर्लाने त्याला ओढत दवाखान्यात नेलं.

सिस्टरांनी रक्तातली साखर तपासली आणि त्या मामाच्या गोल तोंडाकडे बघतच राहिल्या. "स्टिरॉइडची गोळी कोण देतंय तुम्हाला?"

"गोळी? मला काय धाड भरलीय?"

सिस्टरांनी आकडा पुन्हा तपासला. पेर्लाच्या डोक्यात मात्र चक्र फिरू लागलं. आईला आमवात, मामाला काहीच नाही. आईचं तोंड गोल, मामाचंही गोल. मग दोघांत सारखं काय?

"जग!" ती किंचाळली. "सिस्टर, दोघं एकाच जगमधलं पितात!"

घरी येऊन तिने विदालची नवी पुडी ताटात पसरली. तपकिरी चुऱ्यात पांढरे कण दिसले. आणि एक अर्धी गोळी! घाईत नीट कुटली न गेलेली, कडेला गोळी मोडण्यासाठी कारखान्यात पाडलेली रेघसुद्धा शाबूत. ती गोळी पेर्लाने ठेवून घेतली, बाकीची पुडी सिस्टरांनी शहरातल्या प्रयोगशाळेत धाडली. उत्तर आलं: साधी वाळकी मुळी, आणि तिच्यात भरपूर स्टिरॉइड.

विदालच्या पुढच्या सभेत पेर्ला थेट टेबलावर चढली.

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस, पोरी," विदाल गोड हसला.

"घास नाही, गोळी आहे!" तिने ती उंच धरली. "चाकोच्या रानात मुळ्यांना अशी रेघ पाडतो कोण, वाघ? आणि माझ्या मामाला रोगच नाही, मग त्याचं तोंड कशाने सुजलं? स्टिरॉइडने! त्याने सूज उतरते, दुखणं पळतं, माणूस नाचायला लागतो. आत रोग हाडं खातच असतो. दवाखान्यात हेच औषध मोजून देतात, रक्त तपासतात. हे महाशय मूठमूठ वाटतात!"

मामाने आपलं कलिंगड सगळ्यांना फिरून दाखवलं. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग एकच गदारोळ उठला. त्या गदारोळात विदालची गाडी धूळ उडवत पसार झाली. पेर्लाला वाटलं, जिंकलो!

लोकांनी रागारागाने पुड्या गटारात ओतल्या. दोर्लिसा सिस्टर दारोदार धावत होत्या. "एकदम बंद करू नका रे! तुमचं शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलंय. दवाखान्यात या, हळूहळू उतरवू!" मामाने तेवढं ऐकलं. बाकी कोण ऐकतो? फसलेल्या माणसाला पुन्हा कुणाचं ऐकायचं नसतं. आईने तर जगच फोडला.

तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात कोसळली. अंग गार, नाडी सापडेना. दवाखान्यात सुई टोचली, सलाईन लावलं, जीव वाचला. बोटं वाचली नाहीत. महिनोन्महिने औषधाविना रोगाने सांधे आतून पोखरले होते. सिस्टरांनी पुन्हा गोळ्या सुरू केल्या, पट्ट्या बांधल्या, कोमट पाण्यात हात धरून बसल्या. पण झिजलेलं हाड काही परत येत नाही.

"तू गप्प बसली असतीस तर?" आई एकदा म्हणाली.

"आई, तो विष देत होता!"

"ठाऊक आहे गं. पण मी तुझी वेणी घालत होते."

पेर्लाने खाली वाकून आईच्या मनगटाची पट्टी नीट केली. गावात आजही कुणी कुणी म्हणतं, विदाल होता तोवर झुनिल्दाचे हात चालत होते. तेही खोटं नाही, आणि तीच तर त्याची खरी चलाखी!

म्हणून सांगणं एवढंच. दुखण्याने पिचलेल्या माणसाला मूर्ख म्हणू नका. तो बिचारा रात्रभर जागा असतो. पण जो औषध देतो आणि आतलं काय ते सांगत नाही, दुसरं औषध सोडायला लावतो, त्याला भरसभेत विचारा: यात काय आहे? उत्तराऐवजी स्वप्न आणि संत आले, तर पुडी फेकू नका, एकदम थांबवूही नका, तीच घेऊन दवाखाना गाठा. आजच गाठा. पेर्ला उशिरा पोचली.

रोज सकाळी ती आता स्वतःच वेणी घालते. आई शेजारी बसून रिबीन धरते, दोन्ही तळव्यांत दाबून, कारण बोटांत ती धरता येत नाही.