कढीचा नारळ

जानकीने नारळ कानाशी धरला, बोटाच्या पेराने टकटक केलं आणि डोळे मिटून घेतले. शेजारच्या गंगूकाकीने तोंडातलं पान गालात दाबून धरलं. जानकी ऐकत असताना पान चघळायचं नाही, एवढी शिस्त ती पाळायची.

“ह्योच,” जानकी म्हणाली.

“देवाक गाऱ्हाणा घालूक पण इतको वेळ लागणा नाय गो,” गंगूकाकी म्हणाली आणि पान पुन्हा सुरू झालं.

उद्या नारळी पौर्णिमा. मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ वाहिला की नारळ लढवायला सुरुवात व्हायची. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर हाणायचं, मग पाळी उलटी. फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याच्या पोत्यात. जानकीचा नवरा गुणाजी तीन वर्षं हरला नव्हता. बंदरावर त्याच्या हाताचं नाव होतं.

त्या नावातले वाटे काढायला कोणी बसलं असतं, तर त्याला घराच्या मागीलदारी यावं लागलं असतं. माडावर चढून नारळ पाडणारा लवू पाडेली विहिरीजवळच्या म्हाताऱ्या माडावरून नारळ खाली टाकत नसे, दोरीने उतरवी. आपटलेल्या नारळाला आतून तडा जातो आणि तो कोणाला दिसत नाही. गंगूकाकी तो असा सोले की सोलायच्या लोखंडी सुळक्याचं टोक करवंटीला लागत नसे. निवड जानकीच्या कानाची; पाणी वाजणारा नारळ कमजोर म्हणून ती बाजूला काढी. गुणाजीचा वाटा शेवटचा, म्हणजे हाणण्याचा. घाव मात्र त्याचा खरोखरच चांगला होता. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पुढे ओसरीवर मिठबावचे दाजी बसले होते. दर वर्षी ते गुणाजीकडून हरायला येत आणि मुक्कामाला गुणाजीकडेच उतरत. महाराष्ट्र होऊन तीन महिने झाले होते, गुणाजीला डिवचायला तेवढा मुद्दा त्यांना पुरे होता.

“राज्य नवा इला, गुणाजी. आता बंदराचो राजो पण नवो व्हयो.”

“नारळ घेवन येवा. राजो हयच बसलो आसा.”

“खरा सांग, नारळ खंयसून हाडतस रे तू?”

“नारळ खंयचोय चलता, दाजी. हात व्हयो.”

तेवढ्यात लवू दोरी खांद्यावर टाकून खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, मागे निघाला होता. दाजींनी त्याच्याकडे बोट केलं.

“आणि ह्यो?”

“ह्यो लवू. पाडेली. पाडणारो काय, कोणय गावता.”

लवू थांबला नाही. दोरी त्याने दुसऱ्या खांद्यावर घेतली, इतकंच. मागीलदारच्या पायरीवर येऊन तो बसला. एरवी माडावरूनही गप्पा मारणारा माणूस, पण समोर ठेवलेल्या चहाकडेसुद्धा त्याने पाहिलं नाही.

जानकीने सगळं ऐकलं होतं: नारळ कुठलाही चालतो, पाडणारा कोणीही मिळतो. स्वतःचं नाव न येण्याची तिला सवय होती. नवऱ्याने बायकोचं नाव बंदरावर घ्यावं अशी रीतच नव्हती. पण परवा भिजलेल्या माडावर लवूचा पाय दोनदा सटकला होता, तेव्हा खाली उभी तीच होती.

ती उठली. सोलून निवडलेला नारळ तिने तांदळाच्या कणगीत खोल खुपसला. उद्याच्या कढीसाठी काढून ठेवलेला नारळ उचलला आणि गंगूकाकीपुढे ठेवला.

“ह्यो सोल.”

“ह्यो? ह्याच्यात पाणी बोंब मारता गो!”

“खंयचोय चलता, म्हणतत.”

गंगूकाकीने एकदा जानकीकडे पाहिलं, एकदा ओसरीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. तिचे खांदे बराच वेळ हलत होते. लवू हसला नाही, पण चहा प्याला.

दुसऱ्या दिवशी गुणाजी धुतलेली टोपी घालून, नारळ काखेत मारून दाजींबरोबर बंदरावर गेला. दर वर्षी या वेळी घरात धावपळ असायची. जिंकलेल्या नारळांचं पोतं संध्याकाळी दारात येई, श्रावणात वाळवायला ऊन नाही, मग रात्रभर खोबरं कातत, म्हणजे खवत बसायचं. गुणाजीचं जिंकणं बायकांना दोन दिवस पुरायचं. आज काहीच घाई नव्हती. तरी जानकीने खळं दोनदा झाडलं.

तिसऱ्यांदा झाडू उचलला तेव्हा लवू बंदरावरून धावत आला.

“आपलो नारळ फुटलो! पयल्याच घावाक! दाजींचा धोतर पाण्यान भिजला!”

गंगूकाकीने टाळी वाजवली.

“हे काय म्हणाले?” जानकीने विचारलं.

लवूचा आवाज उतरला. “लोक इचारूक लागले, असलो नारळ तुका दिल्यान कोणी? तर तो म्हणालो, नारळ बरो होतो. हात चुकलो.”

“तेंका कळूक नाय?”

“कळूक नाय कसा? लढवच्या आदी हलयल्यान. पाणी वाजला. माज्याकडे बगल्यान, तो गालात हसलो आणि तसोच पुढे झालो.”

बढाईखोर असला तरी माणूस व्यवहाराला चोख निघाला होता. तीन वर्षांचं जिंकणं त्याने हाताच्या नावावर घेतलं होतं, हरणंही त्याच नावावर मांडलं. जानकीने झाडू भिंतीला टेकवला, आत गेली आणि कणगीत कोपरापर्यंत हात घातला.

हरलेल्याने दुसरा नारळ आणून पुन्हा उभं राहायला बंदरावर कोणाची ना नसे. ना असे ती लाजेची. गुणाजी कडेला उभा राहून दुसऱ्यांच्या विनोदांना गरजेपेक्षा मोठ्याने हसत होता. गर्दीतून जानकी आली. पुरुषांनी वाट दिली.

“ह्यो घेवा.”

नारळाला तांदळाचे दाणे चिकटले होते. गुणाजीने तो घेतला. हलवला नाही, वाजवला नाही.

“आता काय बायलेचो नारळ घेवन लढतलस?” दाजी ओरडले. बंदर हसलं.

“आणि इतकी वर्सा कोणाचो होतो?” गुणाजी म्हणाला.

हसू क्षणभर थांबलं आणि दुप्पट होऊन परतलं. त्या गलक्यात गुणाजीने हाक मारली, “लवू! थंय कित्याक रवलंस? हय ये, माज्या बाजूक.”

लवू रिंगणात येऊन उभा राहिला. हात कुठे ठेवावेत हे त्याला समजेना. गंगूकाकीला कोणी बोलावलं नव्हतं. ती आधीच सगळ्यांच्या पुढे होती.

दाजींनी पहिला घाव घातला. नारळ हूं की चूं करेना. मग गुणाजीने हात उचलला, आणि दाजींच्या मुठीत दोन वाट्या उरल्या. नंतर आचऱ्याचा एक आला, देवगडचे दोघे आले. पोतं भरत चाललं तशी गंगूकाकी ओरडली, “मेल्या, पुरे! कातूचा कोणी?”

“मी बसतंय,” गुणाजी म्हणाला. यावर मात्र कोणाचाच विश्वास बसला नाही.

दिवस कलला तेव्हा दाजी धोतराचा ओला सोगा पिळत जानकीजवळ आले. गुणाजी पोत्याचं तोंड बांधण्यात गुंतला होता.

“वयनी,” दाजी हळूच म्हणाले, “फुडल्या वर्साक माका पण एक नारळ बगून ठेवशात?”

जानकीने त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं.

“बगूया. आदी हात दाखवा.”

दाजींनी इकडेतिकडे पाहिलं, धोतराला तळवा पुसला आणि पुढे केला.