सतरा दिवसांचं कॉलेज

प्रल्हाद कारखानीस गेली सव्वीस वर्षं ह्यूस्टनमध्ये तेलाच्या पाइपलाइनींचं काम बघत होता, आणि एकट्या पंपावर त्याने कधी विश्वास ठेवला नाही. शेजारी दुसरा पंप हवाच, पहिला बंद पडला की लगेच सुरू होणारा. हेच शहाणपण त्याने पोटच्या पोराला लावलं आणि तिथेच माशी शिंकली.

वीर क्वार्टरबॅक होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू आधी ज्याच्या हातात येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे ज्याला तीन सेकंदांत ठरवावं लागतं, तो. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या शाळेत त्याने चांगलं नाव काढलं, पण बारावीनंतर एकाही युनिव्हर्सिटीने त्याला विचारलं नाही. तेव्हा प्रल्हादने पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एनआरआय कोट्यातून सीट अडवून ठेवली. ऑगस्टमध्ये वीर तिथे सतरा दिवस वर्गात बसला. अठराव्या दिवशी टेक्सासमधल्या एका युनिव्हर्सिटीतून फोन आला, की आमच्या एका खेळाडूचा गुडघा गेलाय, जानेवारीपासून ये. पोरगं मिळेल त्या विमानाने परत आलं.

युनिव्हर्सिटीचा फॉर्म अर्थातच बापाने भरला. आपल्यात मुलांचे फॉर्म मुलं कुठे भरतात? 'याआधी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात शिकलात का?' या प्रश्नापुढे प्रल्हादने 'नाही' करून टाकलं. सतरा दिवसांचं काय घेऊन बसायचं, परीक्षासुद्धा दिली नव्हती. वीरने न वाचता सही केली.

कॉलेजच्या खेळाडूला खेळायला पाच वर्षं मिळतात आणि ती जगातल्या कुठल्याही कॉलेजात शिकायला लागल्यापासून मोजतात, हे प्रल्हादला या मंगळवारी कळलं. पुण्यापासून मोजलं तर वीरची पाच वर्षं ऑगस्टमध्येच संपली होती. आता ऑक्टोबर चालू होता. वीरचा हा शेवटचा सीझन, सहा मॅच झालेल्या, सहाही जिंकलेल्या. आणि विरोधी टीमच्या कुणीतरी इंटरनेटवर एक फोटो टाकला होता. पुण्याच्या कॉलेजचा पहिला दिवस, पोरांच्या तीन रांगा, मागच्या रांगेत सगळ्यांपेक्षा वीतभर उंच वीर. खाली लिहिलं होतं, 'याचं घड्याळ कधी सुरू झालं?'

गुरुवारी युनिव्हर्सिटीच्या नियम बघणाऱ्या ऑफिसातून मेल आली. उद्या दोन वाजता वीरबरोबर या.

पुण्याचं आयकार्ड घरातल्या फायलीत होतं. कुठलाही कागद टाकायचा नाही हेही त्याचंच तत्त्व. शुक्रवारी सकाळी तो ते घेऊन श्रेडरपुढे उभा राहिला, पण कार्डावरचं वीरचं तोंड बघून हात चालेना. शेवटी ते शर्टाच्या खिशात टाकून तो निघाला. तीन तासांच्या रस्त्यात त्याने एक वाक्य पाठ केलं.

वीर एका खोलीत एकटाच गेल्या मॅचचा व्हिडिओ बघत बसला होता. समोर कोचचा तक्ता होता, प्रत्येक चालीपुढे प्लस नाहीतर मायनस.

"बस, बाबा. हे बघ."

स्क्रीनवर वीरने चेंडू लांब फेकला, पलीकडच्या पोराने तो उडी मारून झेलला, स्टेडियम उभं राहिलं. तक्त्यावर त्यापुढे मायनस.

"मायनस कसा काय? पॉइंट मिळाले ना?"

"मी न बघताच फेकला. पकडला गेला ते लक. कोच रिझल्टला मार्क देत नाहीत, डिसिजनला देतात."

एरवी प्रल्हाद यावर अर्धा तास भांडला असता. आज तो त्यात पडला नाही. दार बंद करून त्याने पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"हे बघ, फोटोतला मुलगा तुझा चुलतभाऊ देव आहे म्हणून सांगायचं. तोही उंच आहे. त्यांना तिथलं काय कळतंय?"

वीरने स्क्रीन बंद केली. "फॉर्मवर काय लिहिलं होतंस तू?"

"नाही म्हणून."

"सही माझी आहे, बाबा."

"माहितेय. म्हणून तर भीती वाटतेय."

वीरने बॅग उचलली. तो ओरडला असता तर प्रल्हादला बरं वाटलं असतं.

ऑफिसातल्या मिसेस हॉलोवे साठीच्या होत्या, आवाजाने मऊ. त्यांनी पाणी दिलं, उन्हाची चौकशी केली. मग फोटोचा मोठा प्रिंट टेबलावर ठेवला आणि मागच्या रांगेवर पेन टेकवलं.

"वीर, हा तू आहेस का?"

प्रल्हादने मनात हिशोब मांडला. खरं सांगितलं तर उद्याची मॅच गेली, सीझन गेला, जिंकलेल्या सहा मॅचही पुसल्या जातील. खोटं सांगितलं आणि पुण्याहून एक कागद आला, तर पोरगं जन्मभर खोटारडं ठरेल.

वीर हसला. घसा साफ करून अगदी सहज म्हणाला, "ओह, दॅट. तो माझा चुलतभाऊ आहे. लोक नेहमी फसतात."

मंगळवारपासून प्रल्हाद घाबरलेलाच होता, पण हे हसू बघून त्याच्या अंगावर काटा आला. हे हसू त्याच्या ओळखीचं होतं. फॉर्म भरल्यावर बायकोने, मीनाक्षीने, विचारलं होतं, 'सगळं खरं लिहिलंस ना?' तेव्हा तो स्वतः अस्साच हसला होता. पोराने बापाची चाल जशीच्या तशी उचलली होती, आणि तीही बापासाठी.

मिसेस हॉलोवे लिहायला लागल्या.

"थांबा," प्रल्हाद म्हणाला. त्याने खिशातून आयकार्ड काढलं आणि फोटोवर ठेवलं. ते प्रिंटवरून घसरून खाली पडलं. वीरने वाकून ते उचललं, क्षणभर पाहिलं आणि स्वतःच मिसेस हॉलोवेंच्या पुढे ठेवलं.

"फॉर्म मी भरला," प्रल्हाद म्हणाला. "आत्ता तो जे बोलला तेही मीच पढवलं."

बाईंनी कार्ड बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. आजपासून वीर मैदानात उतरू शकणार नाही, चौकशी होईल, पुढचं सांगता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. आवाज अजूनही मऊ होता.

बाहेर पार्किंगच्या कडेला दोघं बसले. ऊन मी म्हणत होतं. वीर बुटाच्या लेसकडे बघत होता.

"फॉर्मला मायनस," तो म्हणाला.

"हो रे."

"मोठा मायनस, बाबा. पाच वर्षं मी घाम गाळला."

"हो." प्रल्हादला रडू येत होतं. त्याने घाबरत घाबरत विचारलं, "आणि आजचं?"

"त्याच दिवशी ग्रेड देत नाहीत. आधी व्हिडिओ बघावा लागतो."

इतक्यात इमारतीमागच्या मैदानावर शिट्टी वाजली. तीन वाजले होते, प्रॅक्टिसची वेळ. वीर चटकन उठला, बॅग खांद्याला लावली आणि सवयीने चालायला लागला. चार पावलं गेला आणि थांबला. बॅग खांद्यावरच होती. प्रल्हादला फक्त त्याची पाठ दिसत होती, आणि आता वीर वळेल आणि त्याचं तोंड बघावं लागेल, या भीतीने तो जागचा हलला नाही.